दस्तीवरचं जहाज

खोका उघडला तेव्हा आत जहाज नव्हतंच. तपकिरी काड्यांच्या चौकटी होत्या, आणि फांदीला चिंचा लटकाव्यात तसे जहाजाचे बारीक बारीक तुकडे त्या चौकटींना चिकटलेले होते. डोलकाठ्या, सुकाणू, तांदळाएवढ्या तोफा. सोबत उग्र वासाच्या गोंदाची एक नळी आणि एक इंग्रजी कागद. प्लॅस्टिकची म्हणून आमच्या घरात तोवर एक फणी आणि एक साबणाची डबी होती. त्याचं जहाजही होतं हे पाहून माझ्या नणंदबाई म्हणाल्या, "हे फणीचं जहाज पाण्यावर चाललं तं मी बी त्यात बसून काशीला जाईन."

हसलं कोणीच नाही. ज्यांच्यासाठी तो खोका आला होता ते माझे धाकटे दीर भिंतीकडं तोंड करून बाजेवर पडलेले होते.

परभणी जिल्हा मुंबई राज्यात आला त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आम्ही सेलूला राहत होतो. हे आणि भावजी, दोघंही भाऊ जिनिंगमध्ये कामाला. पौषात, कापसाचा हंगाम ऐन भरात असताना, मशीनच्या रुळावर अडकलेला कापूस मोकळा करायला भावजींनी हात घातला आणि हात आत गेला. परभणीच्या दवाखान्यातून ते परत आले तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं आणि अर्धा अंगठा नव्हता. हाताला दस्ती गुंडाळलेली. रुमालाला तिकडं दस्ती म्हणतात. भावजींची मोठी, लाल चौकड्यांची होती. जखम भरली, पट्ट्या सुटल्या, पण ती दस्ती सुटली नाही. जेवताना नाही, झोपताना नाही. वालूरच्या ज्या मुलीशी बोलणं चाललं होतं तिकडून निरोप आला, की यंदा लग्नाचं बघत नाही. त्यानंतर भावजी घराबाहेर पडेनासे झाले.

एकदा मी ताट द्यायला गेले तर छताकडं बघत म्हणाले, "वैनी, मी गेलो तं कोणाचं काय अडणार हाय?"

मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "बोलतंय तसं. मनाला लागलंय. हंगाम उलटू दे, निवळंल." वन्सं म्हणजे नणंदबाई. त्या विधवा होऊन माहेरी परत आलेल्या, या दोघा भावांना त्यांनीच वाढवलेलं. त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही. मी मुळातच घाबरट. दूध उतू गेलं तरी छातीत धडधडायचं. त्या दिवसापासून माझे कान त्या खोलीच्या कडीला बांधल्यासारखे झाले. कडी वाजली की हातातलं काम टाकून मी उठायची.

त्यांच्यासाठी माझा जीव तुटायचा त्याला कारण होतं. मी खाडीकाठची, रत्नागिरीच्याही खालची. चौथीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. मामा रेल्वेत नोकरीला, सेलूच्या स्टेशनात. त्यानं हे स्थळ आणलं. जात एक, पण मुलूख केवढा वेगळा! लग्न लावून मामा दोन महिन्यांत बदलीवर निघून गेला आणि मी त्या काळ्या मातीत एकटी उरले. माझ्या बोलण्याला गल्ली हसायची. 'वन्सं' म्हटलं तरी बायका तोंडाला पदर लावायच्या. पहिल्या उन्हाळ्यात मी तापानं पडले आणि तापात मासे मासे करून बरळत राहिले. घरात मासळी चालत नव्हती. भावजींनी दुधना नदीवरून बोटभर लांबीचे मासे धरून आणले, घरामागं तीन दगडांची चूल मांडली आणि वन्संना म्हणाले, "आक्का, आज तू मागच्या अंगणात येऊ नको." मी काटे चोखत रडले होते. माहेरच्यांनीही माझ्यासाठी एवढं केलं असतं की नाही, कोण जाणे.

तर तो खोका. जिनिंगचे इंजिनेर साहेब मुंबईकडचे होते. त्यांचा पुतण्या विलायतेहून आला होता, त्यानं आणलेला. साहेब स्वतः घेऊन आले, खुर्चीच्या टोकावर बसले आणि भावजींच्या पाठीशी बोलू लागले.

"बोटांना चाळा हवा. डॉक्टरांनीच सांगितलंय. नुसतं पडून राहिलास तर उरलेली बोटंही आखडतील." मग माझ्याकडं वळले. "तुम्ही कोकणातल्या ना? मग जहाजाचं तुम्हाला काय सांगायचं!"

"आमच्या वडिलांचं शिवणकाम होतं," मी म्हटलं. "होडीत मी दोनदाच बसलेय. दोन्ही वेळा उलटी झाली."

साहेबांना तो विनय वाटला. सगळ्यांनाच वाटला. त्या दिवसापासून सेलूत मी जहाजाची जाणकार झाले.

खोका तसाच पडून राहिला. शेवटी एका दुपारी मीच तो खोलीत नेला आणि खाली बसून तुकडे जोडायला घेतले. कागदावरचं इंग्रजी घरात कोणालाच येत नव्हतं. भावजींची शाळा निजामी अमलातली, सातवीपर्यंत सगळी उर्दूत झालेली. माझी चौथी मराठी. खोक्यावरच्या चित्रावरून जमेल तेवढं. मी एक तुकडा चिकटवला, दुसरा चिकटवला. मागून आवाज आला.

"उलटं लावायलात की वैनी. ते बूड हाय, तोंड न्हाई."

कित्येक दिवसांत ते आपणहून बोललेलं पहिलं वाक्य. मी मान वर केली नाही. घाबरले, की बघितलं तर परत भिंतीकडं वळतील. तुकडा उचकटला आणि सुलटा लावला. दुसऱ्या दिवशी ते उठून शेजारी बसले. डाव्या हातानं तुकडा धरायचे आणि मला सांगायचे. बारीक तुकडे जमिनीवर पडले की सापडत नसत, सारवणात मिसळून जात. म्हणून काहीतरी अंथरायला हवं होतं. मी पदराची जुनी चिंधी अंथरली. ती सुरकुतायची.

जहाज उभं राहायला वेळ लागला नाही. खरं काम दोऱ्यांचं होतं. चित्रात प्रत्येक डोलकाठीच्या शेंड्यापासून खाली दोन्ही काठांना दोऱ्या होत्या, एका डोलकाठीवरून दुसरीकडं होत्या, आणि सगळ्या अशा ताठ की बोट लावलं तर वाजतील. खोक्यात मात्र दोरा म्हणून एक बारकं रीळ, ते एका काठीलाही पुरलं नाही. तरी आम्हाला फिकीर नव्हती. सेलूसारख्या कापसाच्या गावात दोऱ्याचा काय तोटा?

तिथंच आम्ही फसलो. सुती दोरा जहाजावर चढवला की त्याला अंगभर लव दिसायची. एरवी हातात धरला तर नुसता दोरा दिसतो, पण त्या तीळभर तोफांशेजारी तो केसाळ सुरवंटासारखा दिसायचा. भावजी म्हणाले, "चांभार कसं करतो? मेण लावतो." मेणाचा खडा आणला, त्यातून दोरा दोनदा ओढला, चिमटीत धरून घासला. लव बसली. मग सुई दिव्यावर तापवून जहाजाच्या काठाला भोकं पाडली, दोरा आतून गाठ मारून वर काढला, आणि ताणायची वेळ आली.

ताणायचं काम भावजींनी मागून घेतलं. अपघाताआधी आमच्या गल्लीतल्या निम्म्या बाजा त्यांनीच विणलेल्या होत्या. बाजेची दोरी ताणायची त्यांची रीत साऱ्या सेलूत नावाजलेली. पाय टेकवून, अंग मागं टाकून एक ओढ दिली की बाज ढोलकीसारखी वाजे. तीच रीत त्यांच्या अंगात. डावीकडच्या सगळ्या दोऱ्या त्यांनी आधी माझ्याकडून बांधून घेतल्या, एकेक डाव्या हातानं ताणून. मधली डोलकाठी किंचित कलली. मी म्हटलं, "भावजी, कललीय."

"दुसऱ्या बाजूनं ओढली की होईल सरळ."

दुसऱ्या बाजूनं ओढली. कट्ट असा आवाज झाला आणि काठी मधोमध तुटली.

भावजींनी हातातला दोरा खाली ठेवला, बाजेवर जाऊन भिंतीकडं तोंड केलं. संध्याकाळचं ताट तसंच परत आलं, सकाळचंही. मी दाराबाहेर पाट टाकून तांदूळ निवडत बसून राहिले, निवडलेले परत निवडत. आत बाज करकरली की बरं वाटायचं, करकरायची थांबली की मी तांदूळ मुठीत धरून कान लावायची.

वन्संना हे उपासाचं कळलं तेव्हा त्या खोलीत शिरल्या. मला वाटलं आता रडारड. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय रं, जेवायला न्हाई म्हनतूस, पर बाज तं पार झोळी करून ठिवलीस! ऊठ. माझी बी तसलीच झालीय. पाठ मोडायलीय माझी. दोन्ही ताणून दे, मग खुशाल उपाशी मर."

"आक्का, हातानं व्हत न्हाई आता."

"पाय हायेत न्हवं? का ते बी जिनिंगला दिऊन आलास?"

मला वाटलं, आता भावजी फुटतील. पण ते उठले. आम्ही बाज अंगणात काढली. अंबाडीची दोरी पायथ्याला सैल झाली होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच दोरी, इकडून तिकडं नागमोडी फिरलेली. त्यांनी डाव्या हातानं ओढायची, पायानं दाबून धरायची, मी टोक सांभाळायचं. एक फेरा ओढला की मागचा फेरा आपोआप सरकून सारखा व्हायचा. वन्सं ओसरीवरून म्हणायच्या, "ओढा, ओढा. कोकणची वल्ही मारल्यावाणी ओढा गं!"

अर्धं काम झालं आणि भावजी थांबले. दोरीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "वैनी, बाजेला दोरी एकच असती. मी तिथं एकेक तुकडा बांधत बसलो."

जहाज परत खाली आलं. तुटलेल्या काठीत सुईचा तुकडा तापवून खोवला आणि जोड गोंदानं बसवला. या खेपेस दोरा तोडला नाही. डाव्या काठाच्या भोकातून वर, शेंड्यावरून उजवीकडं खाली, भोकातून आत, पुढच्या भोकातून परत वर, असा एकच दोरा फिरवत नेला. कुठं गाठ नाही, कुठं गोंद नाही. शेवटचं टोक खाली सोडलं. आता ओढायचं कशानं? हातानं ओढायला दोघंही भीत होतो. मी चिंधीची पुरचुंडी करून टोकाला बांधली आणि तीत एकेक चिंचोका टाकत गेले. चिंचोका पडला की सगळे फेरे हळूच सरकायचे, डावा उजवा सारखे व्हायचे. भावजी जमिनीशी गाल लावून काठीकडं बघायचे. "अजून एक. अजून एक. बास, बास वैनी!" काठी सरळ आणि दोऱ्या ताठ, अशी ती जागा सापडली, की मग काडीच्या टोकानं प्रत्येक भोकावर गोंदाचा थेंब. वाळेपर्यंत पुरचुंडी लटकत ठेवायची.

त्या दिवशी ते दोन भाकरी जेवले. हात दस्तीतच होता.

शेंड्यांकडच्या दोऱ्या याहून बारीक हव्या होत्या, तितका बारीक दोरा बाजारात नव्हता. फणीतले केस वन्सं भिंतीच्या भोकात जपून ठेवायच्या, केसांच्या बदल्यात सुया देणाऱ्या बाईसाठी. मी त्यातला एक ओढला तर ओरडल्या, "बाईमाणसाचे केस नको त्याला लावू, कुठं कुठं जाईल ते जहाज!" मग एकदा भावजी चौकटीची रिकामी काडी दिव्यावर उगाच फिरवत बसले होते. काडी मधून मऊ होऊन वाकली. त्यांनी दिव्यापासून बाजूला घेतली आणि दोन टोकं दोन हातांनी लांबवली. दोन हातांनी! दस्तीतला अर्धा अंगठा आणि तळवा यांत एक टोक धरून. मधल्या प्लॅस्टिकचा केसासारखा तंतू निघाला, हातभर लांब. त्यांनी तो उजेडात धरला. मी तंतूकडं बघत नव्हते.

काडी फार तापली की तंतू तुटतो, कमी तापली की जाड राहतो, आणि ज्योतीतच ओढली तर पेट घेते. बाहेर काढून, श्वासभर थांबून ओढायची. हे शिकण्यात अर्ध्या चौकटी संपल्या. तंतू लावायचा तर तो ताणता येत नाही, काचेसारखा मोडतो. नुसता दोन टोकांना चिकटवायचा, आणि मग तो मधून झोळ खातो. लावले तेवढे सगळे झोळ खाऊन बसले. भावजींचा चेहरा परत बंद व्हायला लागला.

शुक्रवारी वन्सं देवापुढं उदबत्ती लावून ती घरभर फिरवायच्या. धान्याच्या कणगीला, जात्याला, चुलीला. खोलीत आल्या. "आता घरात हाय तं त्याला बी दावावी," म्हणून उदबत्ती जहाजावरून ओवाळली. निखारा एका झोळ पडलेल्या तंतूजवळून गेला आणि तंतू आपसूक सरळ झाला. ताठ. रेघ मारल्यासारखा.

"आक्का, हलू नको!" भावजी ओरडले.

"का रं? विंचू हाय का?"

त्यांनी वन्संच्या हातातून उदबत्ती घेतली, दुसऱ्या तंतूखालून नेली. तो आधी थोडा लवला, मग ताणला गेला. तिसरा जास्त जवळ नेल्यानं वितळून तुटला. वन्सं एकदा जहाजाकडं, एकदा देवाकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "देवाची उदबत्ती हाय, वाकड्याला सरळ करनारच." आणि पुढच्या आठवड्यात, "देवाला एक आन् ह्या गलबताला पुडाभर. देव इचारील मला कवातरी."

असं करत चैत्र लागला. शेवटचा दिवस मला नीट आठवतो, कारण मी त्या दिवशी जागची हलू शकत नव्हते.

मधल्या डोलकाठीवरून मागच्या काठीवर जाणारा दोरा तेवढा राहिला होता, आणि नंतर दोन तंतू. नळीतला गोंद संपत आलेला, घट्ट झालेला, वाळायला फार वेळ घ्यायचा. तिथं पुरचुंडी लटकवायला जागा नव्हती. एका हातानं काठी आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत दोऱ्याचं टोक, अशी मी धरून बसले होते. तुकडे हरवू नयेत म्हणून भावजींनी त्या दिवशी जहाजाखाली आपली दस्ती अंथरली होती. घरात आम्हा दोघींपुढं ते उघड्या हातानं बसायला लागून थोडेच दिवस झाले होते. वन्सं बाजाराला गेल्या होत्या, हे कामावर.

भावजींनी उदबत्तीचा पुडा झटकला. रिकामा.

"माझे हात अडकलेत, भावजी," मी म्हटलं. "तुम्हीच आणा ना."

त्यांनी दाराकडं बघितलं. मग दस्तीकडं. दस्ती जहाजाखाली होती, आणि जहाज माझ्या चिमटीत. ओढली असती तर सगळं उलथलं असतं. ते उठले. मग उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला आणि बाहेर गेले.

उदबत्तीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, हाकेच्या अंतरावर. मी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर चालत गेले. आता पिंपळाशी. आता दुकानात. आता वळले. आता येतील.

आले नाहीत.

परत पहिल्यापासून चालले. पिंपळ, दुकान, वळण. गल्लीत कोंबड्या तेवढ्या होत्या. मग परभणीकडं जाणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकू आली. एकदा. मग लांबलचक, मग परत परत. सेलूला गाडी अशी कधी ओरडत नसे.  उठून धावावं असं वाटलं आणि उठता येईना.  मीच पाठवलं. मीच 'आणा' म्हटलं. दोरा चिमटीत होता आणि मला भलतंच वाटायला लागलं, की हे टोक सुटलं तर सगळं सुटेल. बोटांची टोकं पांढरी पडली. नदीवरचे मासे आठवले. खाडीवरचा देव आठवला, ज्याला मी लग्नानंतर विसरून गेले होते. त्याला हाका मारल्या.

शिट्टी थांबली. गाडीची धडधड लांब गेली. नंतर नुसतं ऊन.

किती वेळानं ते मला माहीत नाही, दारात सावली पडली. भावजी आत आले. खांद्यापर्यंत घाम. पायांना कोळशाची काळी राख लागलेली, रुळांशेजारी असते तसली. उजवा हात खिशाबाहेर होता आणि त्यात उदबत्तीचा पुडा.

"उशीर झाला," ते म्हणाले. "फाटकात गुरं आडवी आली होती. गाडी वरडत होती."

दुकान रेल्वेच्या फाटकाच्या कितीतरी अलीकडं होतं. फाटकाकडं जायचं काहीच कारण नव्हतं. ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही. मी काही विचारलं नाही. तोंडातून एवढंच आलं, "गुरांना काही झालं नाही ना?"

"न्हाई." ते माझ्यासमोर बसले. पुडा खाली ठेवला. "हाकलली मी."

मग माझ्या हाताकडं बघून म्हणाले, "सोडा की वैनी आता. गोंद कवाच वाळला असंल."

मला बोटं उघडता येईनात. त्यांनी आपल्या त्या हातानं माझी चिमटी सोडवली. दोरा ताठ राहिला. त्यांनी उदबत्ती पेटवली, शेवटचे दोन तंतू चिकटवले आणि निखारा खालून नेला. मी बघितलं नाही, डोळ्यांत पाणी होतं. वन्सं बाजारातून आल्या त्या दारातूनच ओरडत, "आज कोण देव आलाय खोलीत? वास यायलाय गल्लीभर!"

पुढच्या हंगामात जिनिंगनं त्यांना तिथल्या दरवाजावर हजेरी घ्यायच्या कामाला लावलं. गाव हळूहळू त्या हाताला सरावलं. तिसऱ्या वर्षी पिंगळीकडचं स्थळ आलं. पण हे सगळं मला मागाहून सांगता येतं. तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हा ते रोज सकाळी बाहेर पडले की मी ओसरीवर येऊन उभी राहायची, वळणावर ते गावात वळतात की रुळांकडं, एवढं दिसेपर्यंत. उन्हाळाभर, आणि नंतरही.

वन्सं म्हणायच्या, "काय गं, रोज काय बघायलीस रस्त्याकडं? तुझी कोकणची बोट यायलीय का काय?"

मी हसून आत यायची. फळीवर जहाज असायचं, खाली ती लाल चौकड्यांची दस्ती. भावजींनी ती कधी मागितली नाही, आणि मीही धुवायला म्हणून कधी काढली नाही.